मेक्सिकोचे पिरॅमिड खरंच लाल रंगवलेले होते का?

रानवाटा:
नमस्कार मंडळी, इथे जुन्या वास्तू, उत्खनन वगैरे वाचणारे बरेच जण आहेत म्हणून हा धागा काढतेय. नवऱ्याच्या कामामुळे सध्या मेक्सिको सिटीत मुक्काम आहे, त्यात जमेल तसं चिचेन इत्झा आणि तेओतिवाकान बघून झालं. तेओतिवाकानचा गाइड सूर्याच्या पिरॅमिडसमोर उभं करून आम्हाला सांगत होता की हे जे दगड दिसतायत ते तेव्हा कोणाला दिसायचेच नाहीत, वरपासून खालपर्यंत चुन्याचा गिलावा आणि त्यावर लाल रंग, आख्खं शहरच लाल होतं म्हणे. बाकीचे माना डोलवत फोटो काढत होते पण माझ्या काही ते गळी उतरेना. समोर तर तपकिरी-करड्या दगडांचा डोंगर, लालचा ठिपका नाही कुठे. पासष्टेक मीटर उंच, तळाची एकेक बाजू सव्वादोनशे मीटरच्या आसपास, एवढ्याला पुरेल इतका रंग आणणार कुठून आणि दर पावसाळ्यानंतर परत लावणार कोण?

आणि अजून एक, बऱ्याच भिंतींवर दगडांच्या मधल्या सांध्यांत बारके बारके खडे ओळीने टोचलेले दिसले, अगदी मुद्दाम बसवल्यासारखे. विचारायला गेले तोवर गाइडसाहेब पुढच्या दुकानाकडे निघाले होते. ते काय आहे, डेकोरेशन? कोणाला माहीत असेल तर सांगा, आणि प्लीज परग्रहवासी नकोत, ते व्हिडिओ सासरच्या ग्रुपवर रोज येतात.

आडमुठा:
गाइड लोकांचं काय ऐकता ताई, टिप वाढली की रंगही वाढतात. सिरियसली विचारायचं तर, दगड पावणेदोन हजार वर्षं टिकला आणि रंग सगळाच्या सगळा उडाला? थोडातरी उरायला नको का कुठे? मी तरी पुरावा बघितल्याशिवाय मानणार नाही.

केरेतारोकर:
रानवाटा ताई, तुमच्या गाइडने दुकानातून कमिशन घेतलं असेल पण थाप नाही मारली. मी इथे बरीच वर्षं आहे, तेओतिवाकानला पाहुणे घेऊन जाणं हा माझा जवळपास जोडधंदा झालाय, त्यामुळे जरा लांबण लावतो.

आधी त्या खड्यांचं सांगतो कारण त्यातच अर्धं उत्तर आहे. ते डेकोरेशन नाहीये. इथल्या पुरातत्त्ववाल्यांची पद्धत आहे, जो भाग नव्याने बांधून काढला त्याच्या सांध्यात असे खडे टोचायचे म्हणजे बघणाऱ्याला कळावं की हे मूळ नाही. एकदा हे कळलं की पुढच्या वेळी नुसतं त्या खड्यांकडे बघत फिरा, केवढं बांधकाम विसाव्या शतकातलं आहे ते दिसतं आणि जरा धक्काच बसतो. तेव्हा तुम्ही ज्या भिंतीवर लाल शोधत होतात त्यातल्या बऱ्याच भिंती मुळात जुन्या नव्हत्याच.

सूर्याच्या पिरॅमिडची गोष्ट तर अजून वाईट आहे. १९१० साली मेक्सिकोच्या स्वातंत्र्यलढ्याची शताब्दी होती, पोर्फिरिओ दियासची सत्ता, त्याला जगाला दाखवायला काहीतरी भव्य हवं होतं. लिओपोल्दो बात्रेस नावाच्या अधिकाऱ्याने १९०५ ला काम सुरू केलं आणि बाहेरचे थर उतरवत गेला, काही बाजूंना तर कित्येक मीटर. म्हणजे आपण बघतो तो पृष्ठभाग हा पिरॅमिडचा चेहरा नाहीच, चेहरा ढिगाऱ्यात गेला, आपण आतला सांगाडा बघतो. बात्रेसला आजही लोक शिव्या घालतात इथे.

आता मूळ रचना कशी होती. आत माती आणि दगडगोट्यांची भर, त्यावर ज्वालामुखीच्या सच्छिद्र दगडाचं अस्तर, त्यावर तोच दगड कुटून चिकणमातीत मळून केलेला जाड लेप, आणि सगळ्यात वर चुन्याचा पातळ गिलावा, जेमतेम काही मिलिमीटर. चुना तिथे मिळतही नाही, तो साधारण साठ किलोमीटरवरून तूलाच्या बाजूने माणसांच्या पाठीवर यायचा, कारण ओझ्याचं जनावर नाही आणि गाडी नाही. त्या गिलाव्यावर लाल. हा लाल काही महागडा रंग नव्हता, आपली काव किंवा गेरू असतो तसलाच लोखंडाचा ऑक्साइड, हेमटाइट. डोंगरात पाहिजे तेवढा. त्यामुळे रंग आणणार कुठून या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे, चुना आणणं हे खरं जिकिरीचं काम होतं.

आडमुठाभाऊ पुरावा मागतायत, तर तेओतिवाकानमधेच पंखवाल्या सर्पाचं मंदिर आहे, दगडी सापाची मुंडकी बाहेर आलेली, फोटो सगळ्यांनी बघितलेला असतो. ती मुंडकी एवढी चांगली का राहिली? कारण त्याच लोकांनी, बहुतेक चौथ्या शतकात, पिरॅमिडच्या पुढच्या बाजूला एक नवीन चौथरा चिकटवून बांधला आणि जुना दर्शनी भाग त्याच्यामागे झाकला गेला. मागच्या शतकात मानुएल गामिओ या पुरातत्त्वज्ञाच्या टीमने तो मोकळा केला तेव्हा गिलाव्याचे आणि रंगाचे अंश जागेवर होते. बाकीच्या तीन बाजूंना ना मुंडकी उरली ना रंग. एकच इमारत, एकच पाऊस, फरक फक्त झाकलेलं आणि उघडं एवढाच.

तिथून चालत चंद्राच्या पिरॅमिडकडे गेलात की केत्सालपापालोत्ल नावाचा वाडा आहे, त्याच्या खाली उतरायला वाट आहे. खाली आधीच्या काळातलं एक मंदिर, शंखांवर पिसारे कोरलेत आणि चौथऱ्यावर हिरव्या पक्ष्यांची रांग, त्यांच्या चोचीतून पाणी पडतंय. रंग अजून आहेत. हे मंदिर भर घालून बुजवून त्यावर नवा वाडा उठवला म्हणून ते वाचलं.

मला यातलं हेच सगळ्यात विलक्षण वाटतं. मेक्सिको असो, ग्वाटेमाला असो की हॉन्डुरास, रंग जिथे जिथे टिकला तिथे तो बहुतेक त्यांनी स्वतःच पुरून ठेवला म्हणून टिकला. नवा राजा आला, नवं चक्र सुरू झालं, की जुनं देऊळ मुळापासून उखडायचं नाही, त्याच्यावर मोठं बांधायचं. आपल्याकडे जुन्या देवावर शेंदराचे थर चढत जातात आणि कधीतरी कवच गळून आतली मूर्ती दिसते ना, तसं. फक्त इथे कवच म्हणजे दुसरा पिरॅमिड.

सगळ्यात भारी उदाहरण कोपानचं, हॉन्डुरासमधलं. तिथे सोळा नंबरच्या मंदिराच्या पोटात बोगदे खणताना १९८९ मधे रिकार्दो आगुर्सिया या पुरातत्त्वज्ञाला आख्खं देऊळ सापडलं, रोसालिला म्हणतात त्याला. सहाव्या शतकातलं, तीन टप्प्यांचं, वरचे गिलाव्याचे देव, पक्षी, मुखवटे सगळे जागच्या जागी आणि वर लाल रंग, तोही एकदा नाही, पुन्हा पुन्हा दिलेला. शे-सव्वाशे वर्षं वापरून मग त्यांनी ते पुरलं, आणि पुरताना कसं, तर आधी पांढऱ्या गिलाव्याचा हात फिरवला, खोल्या हलक्या हाताने भरल्या, एक कोपरा मोडू दिला नाही. आत धूपदाण्या मिळाल्या कोळशासकट, आणि गारगोटीचे कोरून केलेले नऊ विचित्र आकाराचे राजदंड. बाकीच्या देवळांचे वरचे भाग त्यांनी पाडून भर म्हणून वापरले, हे एक मात्र आख्खं जपून पुरलं. का ते तुम्हीच विचार करा. त्याची पूर्ण मापाची रंगवलेली प्रतिकृती तिथल्या म्युझियमच्या मधोमध उभी केलीय, ती बघितल्यावर पहिली प्रतिक्रिया सगळ्यांची एकच असते, "अरे बापरे, एवढं भडक?"

आडमुठा:
ओके, मुंडक्यांचा मुद्दा पटला. झाकलेलं-उघडंवाला. तरी माझा प्रश्न अर्धा राहिला, उघड्यावरचा रंग गेला हे ठीक, पण तो तेव्हा टिकवत कसे होते? तिथे पाऊस काही कमी नाही.

चुनाभट्टी:
माझं नाव बघून हाक मारल्यासारखं वाटलं म्हणून येतो. जुन्या वाड्यांची आणि देवळांची दुरुस्ती हा माझा धंदा आहे, चुन्यात हात घालूनच वय गेलं.

टिकवत कसे होते, तर सारखं करत राहून. चुन्याचा गिलावा म्हणजे एकदा लावला आणि विसरला असा प्रकार नसतो, त्याला भेग पडली की लगेच भरायला लागते, पाणी मुरायला लागलं की खेळ खलास. माया लोकांच्या (कोपान, चिचेन इत्झा बांधणारे ते) शहरांमधल्या चौकांच्या फरश्या आणि भिंती कापून बघितल्या की एकावर एक गिलाव्याचे थर मोजता येतात. तोपर्यंत सगळं ठीक जोपर्यंत सांभाळायला माणसं आहेत. माणसं गेली की दोन-चार पावसाळ्यात गिलावा फुगतो, सुटतो, आणि भेगेत एक बी पडलं की झाड. पिंपळाने आपल्याकडे काय होतं ते सांगायला नको, तिकडे जंगलच्या जंगल चढलं होतं देवळांवर. रंग उडाला नाही, रंगाखालचा गिलावाच गळून पडला आणि रंग त्याच्याबरोबर गेला. आडमुठा, तुम्ही दगडाशी तुलना करताय तिथेच गडबड आहे, रंग दगडावर नव्हताच.

आता चुना करायचा कसा. त्यांच्याकडे आपल्यासारख्या बांधीव भट्ट्या फारशा नव्हत्या, ओल्या लाकडांची मोठी गोल रास रचायची, वर फोडलेला चुनखडक, मधे पोकळी ठेवून आतून पेटवायची. हे तिकडे लोकांनी हल्ली प्रयोग करून बघितलंय, एक टन चुन्याला पाचेक टन लाकूड असा हिशोब निघाला. आता एखाद्या शहरात शेकडो इमारती आणि सगळे चौक चुन्याचे म्हटल्यावर किती रान तुटलं असेल. एल मिरादोरसारख्या जुन्या माया शहरांच्या ऱ्हासाला हा चुन्याचा हव्यास एक कारण असावं असं काही अभ्यासक म्हणतात, सगळ्यांना ते मान्य नाही. मला स्वतःला ते एकमेव कारण वाटत नाही पण जळणाचा ताण पडलाच नसेल असं म्हणणंही अवघड आहे.

आणि एक गोष्ट जी वाचून मी खुर्चीतून उठलो होतो. केरेतारोकरांनी कोपान म्हटलं ना, तिथल्या गिलाव्याचे नमुने स्पेनमधल्या ग्रानादा विद्यापीठाच्या लोकांनी तपासले, २०२३ मधे ते छापून आलं. गिलाव्यात झाडाच्या सालीचा रस होता. तिकडे चुकुम आणि खिओते अशी झाडं आहेत, त्यांची साल पाण्यात भिजवून ते पाणी चुन्यात घालायचे, स्थानिक गवंडी आजही घालतात. त्याने चुन्याचे कण आतून असे बांधले जातात की शिंपल्यासारखी मजबुती येते आणि पाणी कमी मुरतं. आता आपल्याकडे चुन्याच्या घाण्यात चुना मळताना हिरड्याचं पाणी, गूळ, बेलफळाचा गर घालायचे, आम्ही दुरुस्तीला अजूनही घालतो. दोन खंडांचा एकमेकांशी काडीचा संबंध नसताना दोन्हीकडच्या गवंड्यांना हेच सुचलं. हे मी साइटवर आमच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींना सांगितलं तर ते म्हणाले, "मग? चुना काय देश बघून वागतो?"

सांजवेळ:
वा, काय धागा आहे. वाचनखूण साठवली. ताई चिचेन इत्झाचंही सांगा ना, तिथे काही रंग दिसला का?

रानवाटा:
सगळ्यांचे मनापासून आभार, विशेषतः त्या खड्यांबद्दल! फोटो झूम करून बघितले, अर्ध्याहून जास्त भिंतींवर खडे आहेत, आता हसू येतंय.

चिचेनला मला तरी बाहेरून काही रंग दिसला नाही, कुकुल्कानचा पिरॅमिड एकदम स्वच्छ पांढरट करडा. पण तिथे पाटीवर वाचलं की पिरॅमिडच्या आत अजून एक पिरॅमिड आहे आणि त्यात लाल रंगाचा जॅग्वार आहे, आत मात्र सोडत नाहीत. हे तेच ना, पुरलेलंवालं? आणि हो, सगळे लालबद्दल बोलतायत पण म्युझियममधे भांड्यांवर आणि मूर्त्यांवर एक निळा रंग होता, आकाशी आणि हिरव्याच्या मधला, तो अजून इतका ताजा कसा? नवीन लावल्यासारखा वाटत होता.

केरेतारोकर:
अगदी तेच. १९३० च्या दशकात आतल्या पिरॅमिडच्या माथ्यावरच्या देवळात ते सिंहासन मिळालं, लाल जॅग्वार आणि अंगावरचे ठिपके जेडचे. पूर्वी अरुंद जिन्यातून वर जाऊन बघता यायचं, घामाने आणि श्वासाने आतली हवा इतकी दमट व्हायची की बंद केलं ते बरंच झालं. नंतर त्या आतल्याच्या आतही तिसरा छोटा पिरॅमिड असल्याचं विजेच्या तपासणीत कळलं, २०१६ मधे जाहीर केलं होतं. शेजारच्या योद्ध्यांच्या मंदिराचं पण तसंच, त्याच्याखाली आधीचं मंदिर आणि त्याचे खांब रंगासकट, १९२० च्या दशकात खणताना निघाले.

निळ्यावर मी बोलत नाही, इथे एक केमिस्ट्रीवाल्या बाई आहेत त्या येतीलच.

लिटमस:
आल्या आल्या :)

त्याला माया निळा म्हणतात आणि रसायनशास्त्रात त्याच्यावर लोकांनी आयुष्य घालवलंय. यातला रंग देणारा भाग म्हणजे नीळ, आपल्या निळीच्या झाडाची तिकडची बहीण, त्याच कुळातली. आता नीळ ही वनस्पतीपासूनची, उन्हात आणि आम्लात फिकी पडायला पाहिजे, भिंतीवर शंभर वर्षंसुद्धा टिकायला नको. मग त्यांनी केलं काय, तर युकातानमधे, म्हणजे चिचेन इत्झाच्याच भागात मिळणारी एक पांढरी माती, पालिगोर्स्काइट, तिच्यात नीळ घोटून गरम केली. या मातीच्या कणांमधे अतिसूक्ष्म नळ्या असतात, गरम केल्यावर त्यातलं पाणी निघून जातं आणि निळीचे रेणू त्या नळ्यांच्या तोंडाशी, खाचांमधे जाऊन घट्ट अडकतात. मग ऊन लागत नाही, आम्ल लागत नाही. प्रयोगशाळेत नायट्रिक अॅसिड ओतलं तरी रंग तसाच राहतो, साधी नीळ त्यात लगेच मरते. खनिजाचा टिकाऊपणा आणि झाडाचा रंग असं मिश्रण, आणि हे ज्यांच्याकडे लोखंड नव्हतं त्यांनी केलंय. आपल्या अजिंठ्यातला निळा वेगळा, तो लाजवर्द दगडाचा, अफगाणिस्तानातून आणलेला, त्यामुळे तो टिकला यात आश्चर्य नाही. यांनी दगड नसताना दगडासारखा रंग तयार केला.

आता चिचेन इत्झाला ताई तुम्ही ती मोठी पवित्र विहीर बघितली असेल, तिथे १९०४ मधे एडवर्ड थॉम्पसनने गाळ उपसला तेव्हा तळाला चार मीटरहून जाड निळ्या गाळाचा थर लागला. बरीच वर्षं कोणाला कळेना हा काय प्रकार. २००८ मधे त्याच विहिरीतून निघालेलं एक तिपायी भांडं शिकागोच्या फील्ड म्युझियममधे तपासलं, त्यात धुपाचा कोपाल, नीळ आणि ती पांढरी माती एकत्र मिळाले. म्हणजे विहिरीच्या काठावर विधीच्या वेळीच धुपाच्या आगीवर रंग तयार करत असावेत, ज्या वस्तू आणि जी माणसं विहिरीत टाकायची त्यांना तो फासत, आणि तो पाण्यात धुपून तळाला साचत गेला. पाऊस मागायला निळा. बळी द्यायच्या माणसाला निळं रंगवायचे हे दिएगो दे लांदा या स्पॅनिश पाद्र्याने लिहून ठेवलंय. हाच तो ज्याने १५६२ मधे मानी गावात माया लोकांच्या पोथ्या जाळल्या, आणि आज माया लोकांबद्दल जे माहीत आहे त्यातलं बरंच त्याच्याच लिखाणातून कळतं, काय बोलायचं.

गंमत म्हणजे स्पॅनिश आल्यावरही हा निळा थांबला नाही, सोळाव्या शतकातल्या मठांच्या भिंतींवरच्या ख्रिस्ती चित्रांत तो मिळतो. रंगारी तेच होते ना.

घाटमाथा:
सगळे पिरॅमिडच्या बाहेरच्या रंगावर अडकलेत, आत चला जरा. चिआपास राज्यातलं बोनामपाक, माया लोकांचंच, राहिलं की. छोटंसं देऊळ, तीन खोल्या, आणि तिन्ही खोल्या भिंतींपासून छतापर्यंत रंगवलेल्या, साधारण इसवी सन ७९१ च्या आसपास. म्हणजे आपलं वेरूळचं कैलास लेणं ज्या शतकातलं त्याच शतकाच्या शेवटी. १९४६ मधे स्थानिक लाकांदोन लोकांनी जाइल्स हीली नावाच्या फोटोग्राफरला तिथे नेलं. तोपर्यंत मोठमोठ्या अभ्यासकांचं मत होतं की माया म्हणजे शांत, तारे मोजणारे पुजारी लोक. आणि इथे मधल्या खोलीत काय तर तुंबळ लढाई, आणि समोरच्या भिंतीवर पायऱ्यांवर बसवलेले कैदी, बोटांतून रक्त ठिबकतंय, एकजण आडवा पडलाय मेलेला. तो मेलेला माणूस ज्याने काढला तो कोणत्याही काळातला मोठा चित्रकार म्हणावा लागेल, अंग कसं सैल सुटलंय ते बघाच. पहिल्या खोलीत वाजंत्री आहेत, लांब तुताऱ्या, खुळखुळे, आणि हरणाच्या शिंगाने कासवाची पाठ वाजवणारे. तिसऱ्यात राण्या स्वतःची जीभ टोचून रक्त अर्पण करतायत. दोनशेच्या वर माणसं आहेत एकूण.

हे पुरलेलं नव्हतं तरी टिकलं, केरेतारोकरांच्या थिअरीला एवढा एक अपवाद जोडा. छतातून पाणी झिरपून भिंतीवर क्षारांचा पांढुरका पापुद्रा चढला आणि त्याच्याखाली चित्र राहिलं. पण त्या पापुद्र्यामुळे दिसेना, म्हणून सुरुवातीला नकला काढणाऱ्यांनी भिंतीवर चक्क केरोसीन मारलं, ओलं झालं की रंग उजळायचे! मग १९८० च्या दशकात नीट सफाई झाली.

आणि माझं लाडकं बोनामपाकसुद्धा नाही, कालाकमुल हे माया शहर आहे. तिथे २००४ मधे एका बुजवलेल्या छोट्या पिरॅमिडच्या बाहेरच्या भिंतींवर चित्रं मिळाली, त्यात राजा नाही, देव नाही, कैदी नाही. बाजारासारखा देखावा आहे. मक्याची पेज वाटणारा, तमाले (मक्याच्या पिठाचे वाफवलेले उंडे) खाणारा, मीठवाला, तंबाखूवाला, आणि प्रत्येकाच्या बाजूला लिहिलेलं की हा पेजवाला, हा मीठवाला. निळा झिरझिरीत कपडा घातलेली एक बाई दुसरीच्या डोक्यावर भलंमोठं मडकं चढवायला हात लावतेय, कपड्याच्या आतलं अंग दिसतं इतकं पातळ रंगकाम. राजेरजवाड्यांची चित्रं जगात सगळीकडे आहेत हो, सातव्या शतकातला पेजवाला अजून कुठे बघायला मिळतो मला माहीत नाही.

आडमुठा:
बरं बाबांनो, हरलो मी. आता उलटा प्रश्न. एवढं सगळं माहीत आहे तर मग एखादा पिरॅमिड परत लाल का रंगवत नाहीत? लोकांना कळेल तरी. नाहीतर पुढची हजार वर्षं सगळे करडे दगडच बघणार आणि त्यालाच खरं समजणार.

चुनाभट्टी:
कारण कुठला रंग? रोसालिलाला तेवढ्या वर्षांत कितीदा रंग दिला गेला, त्यातला कुठला थर खरा धरायचा? पालेंके या माया शहरात तर मर्ल ग्रीन रॉबर्टसन या अभ्यासक बाईंनी वर्षानुवर्षं गिलाव्यावरचे थर तपासले, माणसांचं अंग लाल, देवाधर्माच्या आणि मौल्यवान गोष्टी निळ्या, अशी पद्धत दिसते, पण तेसुद्धा वेगवेगळ्या वेळी परत रंगवलेलं. आणि एकदा मूळ दगडावर नवा लाल चढवला की उरलेसुरले कण तपासायची संधी कायमची गेली. बात्रेसने जे केलं तेच परत, फक्त उलट्या दिशेने. जुन्या वास्तूंच्या जतनाबद्दलच्या १९६४ च्या व्हेनिस सनदेत हेच आहे, जिथे अंदाज सुरू होतो तिथे दुरुस्ती थांबली पाहिजे. कैलास लेण्यावर पण पांढऱ्या गिलाव्याचे आणि रंगाचे तुकडे अजून दिसतात, उद्या कोणी ऑइलपेंटचे डबे घेऊन आला तर आपण त्याला आत सोडू का? देवळांना ऑइलपेंट फासणारे आपल्याकडे कमी नाहीत म्हणा, त्यावर मी सुरू झालो तर धागा भरकटेल.

प्रतिकृती करा, हव्या तेवढ्या भडक करा, माझी ना नाही.

आडमुठा:
ऑइलपेंटचं बरोबर आहे. आमच्या गावच्या देवळातल्या द्वारपालांना गुलाबी गाल केलेत.

रानवाटा:
हाहा. बरं, आता प्रॅक्टिकल. अजून थोडे दिवस मेक्सिको सिटीत आहोत, लांब जाणं जमणार नाही, मुलगी बरोबर आहे नऊ वर्षांची. शहरात आणि आसपास रंग बघायचा तर नेमकं कुठे जाऊ? तिला दगड बघून कंटाळा आलाय.

केरेतारोकर:
पहिल्यांदा मानववंशशास्त्राचं राष्ट्रीय संग्रहालय, चापुल्तेपेकमधलं. तेओतिवाकानच्या दालनात पंखवाल्या सर्पाच्या मंदिराचा दर्शनी भाग पूर्ण मापात आणि रंगवून उभा केलाय, मुलीला तिथे आधी न्या, मग तुमच्या मोबाइलमधला खऱ्याचा फोटो दाखवा. मायाच्या दालनाच्या बाहेर बागेत बोनामपाकच्या त्या देवळाची प्रतिकृती आहे, घाटमाथांनी सांगितलेले कासव वाजवणारे तिथेच बघून घ्या. म्युझियम अवाढव्य आहे, सगळं बघायच्या भानगडीत पडू नका, दोन दालनं आणि बाग बस्स.

दुसरं, भर शहरात कॅथेड्रलच्या शेजारी तेंप्लो मायोर, अॅझ्टेकांचं (स्पॅनिश आले तेव्हा इथे राज्य करणाऱ्यांचं) मुख्य देऊळ. १५२१ नंतर स्पॅनिशांनी वरचं उडवलं आणि दगड आपल्या बांधकामांना वापरले, पण हे देऊळ एकात एक सात वेळा वाढवलेलं होतं त्यामुळे आतलं जुनं खाली राहिलं. माथ्यावर जोडदेवळं, एक पावसाच्या त्लालोकचं आणि दुसरं युद्धदेव वित्सिलोपोच्त्लीचं. त्लालोकच्या जुन्या देवळासमोर चाकमूल म्हणतात तो दगडी पुतळा पहुडलाय, पोटावर थाळी धरून, त्याच्या अंगावर लाल-निळा रंग अजून आहे आणि तो मूळ जागेवरच आहे. हे सगळं उजेडात आलं ते वीज कंपनीच्या कामगारांमुळे, २१ फेब्रुवारी १९७८ ला रस्ता खणताना त्यांना तीन मीटरहून मोठी गोल शिळा लागली, तुकडे केलेल्या कोयोलशाउकी देवीची. नंतर २००६ मधे त्लालतेकुत्ली मिळाली, पृथ्वीदेवता, बारा टनांची, तिच्यावर लाल, पिवळा, निळा, पांढरा, काळा असे रंग होते आणि ते हवा लागून जाऊ नयेत म्हणून संवर्धनवाल्यांनी काही वर्षं तिच्यावर काम केलं. म्युझियममधे ती खाली आडवी ठेवलीय, पहिल्या मजल्याच्या कठड्यावरून खाली बघा, तिथून रंग जास्त चांगले कळतात. अक्राळविक्राळ आहे, नऊ वर्षांच्या मुलांना प्रचंड आवडते, अनुभव आहे.

आणि परत तेओतिवाकानला गेलातच तर यावेळी मोठ्या पिरॅमिडला नमस्कार करून सरळ तेपांतित्लाला जा, सूर्याच्या पिरॅमिडच्या मागच्या बाजूला आहे, फारसं कोणी फिरकत नाही. लालभडक भिंतीवर शेकडो छोटी माणसं खेळतायत, फुलपाखरं पकडतायत, चेंडू मारतायत, आणि तोंडातून बोलण्याच्या वेलांट्या निघतायत, कॉमिकमधे फुगे असतात तशा. तुमचा गाइड म्हणत होता तो लाल बघायचा तर इथे.

दोन्ही म्युझियम सोमवारी बंद असतात, तेवढं बघून ठरवा.

रानवाटा:
सोमवारचंच ठरवत होतो! वाचवलंत. मंगळवारी चापुल्तेपेक मग.

सांजवेळ:
फोटो टाका ताई, आणि त्या द्वारपालांचे पण टाका आडमुठा.